इलेक्ट्रिक एसयूव्ही किंवा ट्रक घेताय? टेस्ट ड्राइव्हला राइड आणि हँडलिंग असं तपासा

इलेक्ट्रिक गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेऊन आलेल्या कुणालाही विचारा कशी वाटली, पहिलं वाक्य पिकअपचंच येतं. पेडल दाबलं की पाठ सीटला चिकटते, पोटात गोळा येतो, मजा येते हे खरंच आहे. पण पिकअप आता जवळपास प्रत्येक ईव्हीला आहे, त्यामुळे दोन गाड्या समोर असताना त्यावरून निवड होत नाही. फरक कळतो खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर, वळणावर आणि सगळ्यात जास्त मागच्या सीटवर, आणि नेमकं तेच आपण त्या वीस मिनिटांत बघत नाही. घेतल्यावर मात्र रोज तेच भोगायचं असतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ईव्हीचं सगळं गणित वजनाभोवती फिरतं. फोर्डची एफ-१५० लाइटनिंग व्हेरियंटप्रमाणे साधारण २७०० ते ३१०० किलो, रिव्हियन या अमेरिकी कंपनीची चार मोटरवाली आर१टी ट्रक ३२०० किलोच्या आसपास, आणि जीएमसीची हमर ईव्ही पिकअप ट्रक तर ४१०० किलोच्या घरात, त्यातली नुसती बॅटरीच १३०० किलोच्या आसपास म्हणजे एका लहान पेट्रोल कारएवढी. आता हे वजन जमिनीलगत आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये असतं, त्यामुळे गाडी वळणावर झुकते कमी, आणि पहिल्यांदा चालवणाऱ्याला वाटतं की एवढी मोठी गाडी आणि काय रस्ता धरून चालते! ते खोटं नाही. पण एवढं वजन पेलायला स्प्रिंगा कडक लागतात, टायर जास्त लोडचे लागतात, त्यात हवाही जास्त लागते, आणि मग बारीक खाचखळग्यांवर हे सगळं अंगाला जाणवायला लागतं. म्हणजे गुळगुळीत रस्त्यावर वजन तुमच्या बाजूने आणि खराब रस्त्यावर तुमच्या विरोधात. कंपनीने हे दोन्ही कसं जुळवलंय ते शोधणं हेच टेस्ट ड्राइव्हचं काम.

आता तयारी. मी एक एसयूव्ही पहिल्याच ड्राइव्हला मनातून काढून टाकली होती. पुलाच्या प्रत्येक जॉइंटवर खाडकन आवाज, स्टिअरिंगपर्यंत थरथर, घरी येऊन सांगितलं की ही नको. दोन आठवड्यांनी तीच गाडी मित्राबरोबर परत बघायला गेलो तेव्हा सहज हवा मोजायचं मीटर बरोबर होतं, लावून बघितलं तर चारही टायरमध्ये ४८ पीएसआय. दार उघडल्यावर खांबावर जो स्टिकर असतो त्यावर लिहिलं होतं ३६. गाड्या ट्रेलरवरून येताना बऱ्याचदा हवा जास्त भरलेली असते आणि ती डिलिव्हरीच्या आधी कमी करायची असते, डेमो गाडीचं ते राहूनच गेलं होतं. तिथेच हवा कमी करून त्याच रस्त्यावर चालवली आणि मला विश्वास बसेना, गाडीच वेगळी. तेव्हापासून मीटर खिशात घेतल्याशिवाय मी टेस्ट ड्राइव्हला जात नाही, तुम्हीही जाऊ नका. हवा गाडी थंड असताना मोजा, कारण चालून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो, आणि नुसतं हवामान ५-६ अंशांनी बदललं तरी १ पीएसआयचा फरक पडतो.

हवेनंतर रिम. तुम्ही जो व्हेरियंट घेणार त्याच साइजची चाकं असलेली गाडी मागा, डेमोला नेहमी टॉप मॉडेल असतं आणि त्याला सगळ्यात मोठे रिम असतात. फोटोत छान दिसतात पण रिम वाढला की टायरचं रबर कमी होतं. रिव्हियनचंच घ्या, २० इंची रिमवर २७५/६५ चा टायर येतो (रुंदी २७५ मिलीमीटर, रबराची उंची तिच्या ६५ टक्के), म्हणजे रिम ते रस्ता जवळपास १७९ मिलीमीटर रबर, आणि २२ इंचीवर २७५/५० म्हणजे १३८ च्या आसपास. गाडी तीच, सस्पेन्शन तेच, पण खड्ड्याचा पहिला मार खाणारी गादी ४ सेंटीमीटरने पातळ झाली. शिवाय मोठी चाकं बहुधा जड असतात, आणि स्प्रिंगच्या खालचं वजन जितकं जास्त तितकं चाक खड्ड्यातून वर येताना ते आवरणं अवघड जातं. एक मात्र लक्षात ठेवा, २० इंचीवर खडबडीत नक्षीचे ऑफरोड टायर असतील तर ते आवाजही करतात आणि स्टिअरिंगला थोडे ढिले वाटतात, त्यामुळे एकीकडे ऑफरोड आणि दुसरीकडे हायवेचे टायर अशी तुलना करून गाडीला दोष देऊ नका.

चार्जचंही सांगून ठेवा. डेमो गाडी बऱ्याचदा १०० टक्के चार्ज करून ठेवतात, आणि भरलेल्या बॅटरीत रिजनला, म्हणजे पेडल सोडल्यावर मोटर गाडी हळू करत जी वीज बॅटरीत परत भरते तिला, जागाच नसते, मग पेडल सोडल्यावर गाडी कशी थांबते ते नीट कळतच नाही. ६०-७० टक्क्यांवर असलेली बरी, आणि दोन्ही गाड्या साधारण सारख्याच चार्जवर असलेल्या बऱ्या.

आणि रस्ता तुम्ही ठरवा, सेल्समनने नाही. त्यांचा ठरलेला रस्ता असतो, सरळ, नवीन डांबर, एक यू-टर्न आणि परत. तुम्हाला हवाय १५-२० मिनिटांचा असा चक्कर ज्यात दोन-तीन स्पीडब्रेकर आहेत, एक ठिगळं लावलेला पॅच आहे, पुलावरचे जॉइंट आहेत, एक लांब वळण आहे, आणि ८० पर्यंत जाता येईल असा मोकळा तुकडा आहे. तो चक्कर आधी स्वतःच्या गाडीने मारा, त्याच दिवशी. हे कंटाळवाणं वाटेल पण याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, कारण शरीराला राइड लक्षात राहत नाही, फक्त तुलना कळते. आपल्या गाडीत त्या तिसऱ्या जॉइंटला किती दणका बसतो हे ताजं असलं की नवीन गाडीत बसल्या बसल्या कळतं की सुधारलंय की बिघडलंय.

गाडीत बसलात की ड्राइव्ह मोड नॉर्मलला टाका, लेन असिस्ट, म्हणजे गाडीला आपोआप लेनमध्ये ठेवणारी सोय, बंद करा (हे फार महत्त्वाचं, पुढे सांगतो), एसी हळू, म्युझिक बंद. पहिली पाच मिनिटं काहीच मत बनवू नका, सीट, आरसे, पेडल यांची सवय होऊ द्या.

राइड म्हणजे खरं तर दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकत्र करून "मऊ आहे" किंवा "कडक आहे" म्हणून मोकळे होतात. पहिली म्हणजे मोठे हेलकावे. रस्त्याला लांब चढउतार असला की गाडीची बॉडी वर-खाली होते, सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा. दुसरी म्हणजे बारीक थरथर आणि दणके, खडबडीत डांबर, जॉइंट, खड्ड्याच्या कडा, हे जास्त जलद असतं, चाकाचं स्वतःचं उडणं तर सेकंदाला १० ते १५ वेळाच्या आसपास. मऊ गाडी दुसरीत चांगली आणि पहिलीत वाईट असू शकते, कडक गाडी उलट, आणि जड ईव्हीमध्ये हमखास दिसणारं तिसरंच एक रूप म्हणजे गाडी थरथरतेही आणि डुलतेही, म्हणजे स्प्रिंग कडक आहे पण शॉकअपला एवढं वजन आवरत नाहीये. तशी गाडी मिळाली तर माझं मत स्पष्ट आहे, सोडा, रिम बदलून ते जाणार नाही.

हे पकडायला स्पीडब्रेकर हे सगळ्यात चांगलं साधन आहे आणि तो तीन प्रकारे ओलांडायचा. आधी २० च्या स्पीडला सरळ. पुढची चाकं उतरली की नाक किती वेळा हलतं ते मोजा, एकदा खाली जाऊन वर येऊन बसलं पाहिजे. दुसरी उसळी दिसली तर शॉकअप कमी पडतोय, तिसरी आली तर विषयच संपला. मग मागची चाकं जाताना आवाज ऐका, पुढे मऊ ठेवून मागे कडक ठेवलेल्या गाड्या खूप आहेत आणि चालवणाऱ्याला ते कळत नाही. तिसऱ्या वेळी, मागेपुढे कुणी नसेल तर, १० च्या स्पीडला थोडं तिरकं जा, म्हणजे एका वेळी एकच चाक चढेल. इथे बघायचं डोकं. उंच आणि रुंद एसयूव्हीला वळणावर झुकू नये म्हणून जाड अँटी-रोल बार लावतात, तो डाव्या-उजव्या चाकाला जोडतो, त्यामुळे एका बाजूला खड्डा आला की दुसरी बाजूही ओढली जाते आणि आतल्या माणसांची डोकी डावी-उजवीकडे फेकली जातात. सरळ स्पीडब्रेकरवर हे अजिबात दिसत नाही. रिव्हियनने आर१टी ट्रक आणि आर१एस एसयूव्हीमध्ये हा बार न लावता शॉकअप एकमेकांना हायड्रॉलिक लाइनने जोडले ते याचसाठी, वळणावर आधार द्यायचा पण एकाच चाकाच्या खड्ड्यात चाक मोकळं ठेवायचं.

मग ठिगळांचा पॅच, ३० आणि ५० अशा दोन स्पीडला. आणि पुलाचे जॉइंट ६० ला. इथे कान आणि अंग वेगळं करायला शिका. इंजिनचा आवाज नसल्यामुळे ईव्हीमध्ये टायरचा, सस्पेन्शनचा प्रत्येक टक्‌ ऐकू येतो, आणि आवाज झाला की आपल्याला वाटतं दणका बसला. उलटंही होतं, आतून फोम लावलेले टायर आणि जाड काच असली की दणका बसूनही गाडी मऊ वाटते. म्हणून एकदा दुसऱ्याला चालवायला देऊन शेजारी डोळे मिटून बसा आणि फक्त पाठ, मांड्या आणि पोटाकडे लक्ष द्या. पोटातलं अन्न हललं का, मानेला झटका आला का, पायाखालची जमीन थरथरली का. ही तीन उत्तरं आली की बास.

आकड्यांची आवड असेल तर फोनमध्ये फायफॉक्स नावाचं फुकट ॲप टाका, जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात बनलेलं आहे, फोनच्या सेन्सरवरून ॲक्सिलरेशनचा आलेख काढतं. फोन सीटवर नाही, सीटच्या रुळाजवळ फ्लोअरवर दुहेरी टेपने घट्ट चिकटवायचा, आणि दोन्ही गाड्या त्याच पॅचवरून त्याच स्पीडला न्यायच्या. माणसाच्या शरीराला वर-खाली होणाऱ्या कंपनांमध्ये सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी सगळ्यात जास्त छळतात, तेव्हा आलेखात तिथे कोण जास्त उड्या मारतंय ते बघा. अर्थात अंगाने "नको" म्हटलं आणि आलेखाने "हो" म्हटलं तर अंगाचं ऐका.

एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर प्रत्येक उंचीवर चालवून बघायला हवं. बटण दाबून गाडी उंच केली की दिसायला रुबाबदार, पण उंच असताना चाकाला खाली जायला जागा कमी उरते, त्यामुळे चाक खड्ड्यात पडलं की वरून थाप मारल्यासारखा आवाज येतो. रोज खराब रस्त्यावरून जायचंय म्हणून कायम उंच ठेवणार असाल तर त्याच उंचीवर तपासा, शोरूमच्या नॉर्मलवर नाही.

आता हँडलिंग. त्यासाठी गाडी पळवायची अजिबात गरज नाही. अचानक लेन बदलून परत यायची जी परीक्षा असते, ज्याला मूस टेस्ट म्हणतात, ती बंद ट्रॅकवर खुणेचे प्लास्टिकचे शंकू लावून करायची गोष्ट आहे, चालू रस्त्यावर कुणी करून बघू नये.

पहिलं बघायचं स्टिअरिंग मधोमध असताना. ६०-७० च्या स्पीडला सरळ रस्त्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना बोटभर हलवा. गाडी लगेच ऐकते, की आधी थोडा झोल जातो आणि मग ऐकते? लांब प्रवासात थकवणारा हाच झोल असतो, कारण सतत बारीक दुरुस्ती करत बसावं लागतं. लेन असिस्ट बंद करायला सांगितलं ते यासाठी, चालू असेल तर ते स्टिअरिंगला हळूच ओढत राहतं आणि तुम्हाला वाटतं गाडीच छान सरळ चालते. आणि स्पोर्ट मोडला फसू नका, बऱ्याच गाड्यांत त्याने स्टिअरिंग फक्त जड होतं, जड म्हणजे माहिती देणारं नव्हे.

मग लांब वळण, एकाच स्पीडला. चांगल्या गाडीत स्टिअरिंग एकदा वळवलं की तसंच धरून ठेवता येतं, वाईट गाडीत वळणाच्या मधे दोन-तीनदा सावरावं लागतं. वळणावरच एखादा उंचवटा असेल तर सोन्याहून पिवळं, त्यावर गाडी बाहेरच्या बाजूला उडी मारते का बघा. त्यानंतर डावं-उजवं असं लागोपाठ वळण, इथे वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाताना ते सावकाश, एका लयीत जातं का आधी अडून मग धपकन पडतं, हे नितंबाला लगेच कळतं. बॅटरी खाली असल्याने झुकणं कमी असतं, पण झुकणं कमी म्हणजे पकड जास्त असं समजू नका. टायरवर वजन दुप्पट टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते, आणि त्याच स्पीडला ३ टनांच्या गाडीत दीड टनांच्या गाडीपेक्षा दुप्पट ऊर्जा असते जी ब्रेकने आणि टायरने जिरवायची असते. सपाट वळणारी गाडी तुम्हाला ही मर्यादा जवळ आल्याचं उशिरा सांगते, हे ओल्या रस्त्यावर कायम लक्षात असू द्या.

मागची चाकंही वळणारी गाडी असेल तर पार्किंगमध्ये नक्की खेळवा. मर्सिडीजच्या ईक्यूएस एसयूव्हीत मागची चाकं १० अंशांपर्यंत वळू शकतात, हमर ईव्हीतही मागची चाकं वळतात, हळू असताना पुढच्यांच्या उलट दिशेने म्हणजे गाडी छोट्या जागेत फिरते, आणि जोरात असताना त्याच दिशेने म्हणजे लेन बदलताना शेपूट हलत नाही. टेस्ला सायबरट्रकमध्ये तर स्टिअरिंग आणि चाकं यांच्यात लोखंडी जोडणीच नाही, सगळं वायरवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग पूर्ण एक फेरीही फिरत नाही. अशा गाडीबद्दल पहिल्या दहा मिनिटांत मत देऊ नका, हाताला सवय व्हायला वेळ लागतो, शक्य असेल तर अर्धा दिवस मागा.

ब्रेकला लोक राइडमध्ये धरत नाहीत पण ईव्हीमध्ये धरायलाच हवं. रिजन पूर्ण असताना पेडल सोडलं की नाक खाली जातं, परत दाबलं की वर, ट्रॅफिकमध्ये हे शंभरदा होतं आणि मागे बसलेल्याला मळमळतं. कमी रिजनवर आणि पूर्ण रिजनवर दोन्ही चालवा. आणि ४० वरून हळूहळू ब्रेक लावत थांबा, शेवटच्या टप्प्यात मोटर सोडते आणि खरा ब्रेक धरतो तिथे पायाखाली पायरी लागल्यासारखं होतं का, की कळतच नाही? न कळणारा बदल ज्यांना जमलाय त्यांना पूर्ण मार्क.

ट्रकवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. रिकामा ट्रक चालवून निर्णय घेऊ नका. पाटे (मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेला ट्रक रिकामा असला की मागून उडतो आणि वजन टाकलं की शांत होतो, ही जुनी खोड आहे. लाइटनिंगमध्ये फोर्डने मागे पाट्यांऐवजी स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल स्प्रिंग दिले, त्यामुळे ती पेट्रोलच्या एफ-१५० पेक्षा रिकामी असताना बरीच शांत बसते. पण मग प्रश्न उलटा होतो, वजन टाकल्यावर मागून किती बसते? म्हणून वाळूच्या गोण्या किंवा जे तुम्ही रोज नेणार तेच घेऊन जा, आधी विचारून, चांगले लोक नाही म्हणत नाहीत. आणि लक्षात घ्या, गाडीच्या लोडच्या आकड्यात आतली माणसंही मोजलेली असतात. एसयूव्हीला हे तेवढं लागू नाही, ३ टनांच्या गाडीत चार माणसांचे ३०० किलो म्हणजे फक्त १० टक्के, राइड फारशी बदलत नाही. छोट्या १२०० किलोच्या गाडीत तेच २५ टक्के होतात.

आणि शेवटी मागची सीट, जिच्यासाठी मी भांडायला तयार आहे. मागचा माणूस मागच्या चाकांच्या जवळ बसतो, तिसऱ्या रांगेतला तर जवळपास चाकांवरच, आणि त्याच्या हातात स्टिअरिंग नसतं त्यामुळे पुढे काय येतंय याचा अंदाज नसतो. मी आईला घेऊन गेलो होतो. पहिल्या गाडीत तिला विचारलं कशी वाटली, म्हणाली छान आहे रे. आरशात बघत होतो, पूर्ण वीस मिनिटं तिने दाराच्या वरचं हँडल सोडलं नव्हतं. दुसऱ्या गाडीत तिसऱ्या मिनिटाला हात मांडीवर आला आणि ती बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचून दाखवायला लागली. तिला विचारायची गरजच उरली नाही. पहिली गाडी चालवायला मला जास्त आवडली होती, घेतली दुसरी.

चक्कर संपला की गाडीतून उतरायच्या आधी फोनवर बोलून रेकॉर्ड करा, स्पीडब्रेकर कसा, पॅच कसा, जॉइंट कसा, स्टिअरिंग, ब्रेक, मागची सीट, जे सुचेल ते, कारण दुसऱ्या गाडीत बसलात की पहिलीचं सगळं पुसलं जातं. आणि दोन्हींत अजून गोंधळ असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा आणि क्रम उलटा करा, कारण नंतर चालवलेली गाडी नेहमी आधीच्या गाडीच्या मापाने मोजली जाते. दोन्ही दिवशी तीच गाडी वर आली तर तिच्याच पुढच्या चौकशीला लागा, आणि नाही आली तर दोन्ही राइडला सारख्याच आहेत असं धरून बाकीच्या गोष्टींवर ठरवा.